लांब वाचन : कुठे हवे, कुठे नको

मानवी जीनोम 2003 मध्येच वाचून झाला, मग डीएनएचे लांब तुकडे वाचणारी ही नवी यंत्रे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, गृहीतक मात्र चुकीचे. 2003 च्या त्या गाजलेल्या घोषणेच्या वेळी सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिला होता आणि तो भरून निघाला थेट 2022 मध्ये. त्या भागात तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, ही खरी अडचण होती. तेव्हाची यंत्रे एका वेळी डीएनएची काहीशे अक्षरे वाचत. आज सर्रास वापरली जाणारी तर जेमतेम दीडशे वाचतात आणि तुकडे जुळवण्याचे काम संगणकावर सोपवतात. अंबडच्या मोसंबीच्या बागेतल्या एकेका झाडाचा सुटा फोटो दाखवला, तर ते कितव्या ओळीतले हे मुरलेला बागायतदारही सांगू शकणार नाही. विहिरीपासून बांधापर्यंतची अख्खी ओळ एका फोटोत आली की सांगेल. लांब वाचनात ही ओळ हाती येते. पॅकबायो कंपनीच्या यंत्रात दहा ते वीस हजार अक्षरे सलग मिळतात, नॅनोपोअर या दुसऱ्या पद्धतीत कधी लाखाच्याही पुढे.

यावर जाणकारांचा एक जुना आक्षेप आहे : लांब वाचन चुका फार करते. सुरुवातीच्या काळात तो खराच होता. शंभरात दहा-पंधरा अक्षरे चुकत. पण पॅकबायोच्या चुका बहुतांशी ठरावीक जागी होत नसत, आणि नेमका त्याचाच फायदा घेण्यात आला. त्या पद्धतीत डीएनएच्या तुकड्याचे कडे करून तोच तुकडा अनेक फेऱ्यांत वाचतात. एका फेरीतली चूक दुसऱ्या फेरीत सहसा होत नाही, आणि अचूकता 99.9 टक्क्यांच्या पुढे जाते. नॅनोपोअरमध्ये सूक्ष्म छिद्रातून डीएनए सरकताना विद्युतप्रवाह बदलतो, त्यावरून अक्षर ओळखतात. तेही बरेच सुधारले आहे. एकच अक्षर ओळीने बरेचदा आले की ते अजून अडखळते, हे मात्र मान्य करायला हवे.

मला याच्या उलटा गैरसमज जास्त घातक वाटतो : नवे यंत्र आले, तर प्रत्येक रुग्णाची तपासणी त्यावरच व्हावी. महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. नंदुरबार ते गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा बीटा-ग्लोबिन जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने होतो. तो साध्या रक्ततपासणीत पकडता येतो. त्यासाठी महागडे डीएनए-वाचन म्हणजे पैशांचा चुराडा. पण त्याच रुग्णात अल्फा थॅलेसेमियाही असू शकतो, आणि तो असेल तर रक्तपेशी फुटण्याचे प्रमाण कमी राहते. हा आजार अल्फा-ग्लोबिनच्या जनुकांतल्या बिघाडाने होतो, आणि ती दोन जनुके शेजारीशेजारी आणि जवळपास हुबेहूब असतात. दीडशे अक्षरांचा तुकडा त्यांपैकी कोणाचा, हे ठरवणे तिथे अवघड होते. अर्थात सुमारे 3,700 अक्षरे गळण्याचा जो नेहमीचा प्रकार, तो पीसीआरवर स्वस्तात कळतो. लांब वाचनाची खरी गरज पडते ती अपरिचित ठिकाणी काही गळले असेल किंवा दुप्पट झाले असेल तेव्हा, अथवा दोन बदल एकाच गुणसूत्रावर आहेत की समोरासमोरच्या दोन गुणसूत्रांवर, हे ठरवायचे असते तेव्हा. आई-वडिलांचे नमुने हाताशी असतील तर बहुतेकदा हा गुणसूत्रांचा प्रश्नही साध्या तपासणीत सुटतो.

मग अंबडसारख्या तालुक्याच्या गावाचा याच्याशी संबंध काय? वाटतो त्याहून अधिक, कारण लांबी आधी नमुन्यात असावी लागते. तुटलेला डीएनए कोणतेही यंत्र जोडून देत नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे निघालेली रक्ताची नळी वाटेत तापली किंवा गोठून पुन्हा वितळली, तर डीएनएचे तुकडे होतात आणि लाखमोलाचे यंत्रही आखूडच वाचते. फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या बायोप्सीचे तर विचारूच नका. कर्करोगाचे असे जुने ठोकळे रुग्णालयांत साठलेले असतात आणि नव्या संशोधनासाठी ते आयतेच मिळतील असे वाटते. पण फॉर्मालिनने त्यांतला डीएनए आधीच तुटलेला असतो. त्यांच्यासाठी आखूड वाचनच उपयोगाचे आहे. लांब वाचनासाठी ऊतीचा ताजा तुकडा काढल्या काढल्याच वेगळा गोठवावा लागतो, म्हणजे तो निर्णय शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवा.