अनुभव मोठा की उपजत गुणवत्ता? अमेरिकेतल्या क्वार्टरबॅकच्या वादाचं उत्तर आपल्या केज तालुक्यात आहे

नांदूरघाटला तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडायची वेळ आली की मैदानाच्या कडेला एक वाद हमखास रंगतो. एकाचं म्हणणं, "दहावीतलीला घ्या, तिनं दोन वर्षं स्पर्धा खेळल्यात." दुसऱ्याचं म्हणणं, "अहो, ती आठवीतली बघा, वाऱ्यासारखी पळते. तिला बसवून ठेवायचं?"

गंमत म्हणजे हाच वाद अमेरिकेतही दरवर्षी होतो. फरक एवढाच की तिथे त्यावर टीव्हीवर चर्चा झडतात आणि कोट्यवधी डॉलर पणाला लागतात. तिथला प्रश्न असा असतो: कॉलेजच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक म्हणून अनुभवी पोरगा उतरवायचा की नवा, पण जास्त गुणवान?

आधी समजून घेऊ, क्वार्टरबॅक म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. चेंडू हातात आला की त्याच्याकडे साधारण तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरच्यांची रचना ओळखायची, आपला कोणता गडी मोकळा आहे ते बघायचं आणि चेंडू फेकायचा. उशीर झाला तर अंगावर धिप्पाड गडी येऊन आदळतात. म्हणजे हात दणकट हवा आणि डोकं थंड हवं. हात बऱ्याच अंशी उपजत असतो. डोकं मात्र सामने खेळून तयार होतं, असं मानलं जातं.

अमेरिकेत काय घडलं?

८ जानेवारी २०१८. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. अर्ध्या वेळेला अलाबामा ०-१३ ने मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन हंगाम संघाची धुरा वाहणाऱ्या जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं आणि पहिल्याच वर्षाला असलेल्या तुआ टागोवाइलोआला उतरवलं. सामना जादा वेळेत गेला. तिथे तुआनं नवख्यासारखी चूक केली. चेंडू वेळेत सोडला नाही आणि संघ १६ यार्ड मागे ढकलला गेला. पण पुढच्याच चालीत त्यानं ४१ यार्डांचा पास टाकला आणि सामना २६-२३ असा जिंकून दिला.

इथे गुणवत्ता जिंकली, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याच स्टेडियममध्ये पुन्हा जॉर्जियाच समोर आला. या वेळी तुआ जखमी झाला. हंगामभर बाकावर बसलेला हर्ट्स मैदानात आला, त्यानं पिछाडी भरून काढली आणि सामना ३५-२८ असा जिंकला.

दोन सामने, दोन उत्तरं. म्हणूनच हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

शास्त्र काय सांगतं?

१९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग केला. खऱ्या डावातली सोंगट्यांची मांडणी काही सेकंद दाखवली, तर कसलेल्या खेळाडूंना ती नवख्यांपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहिली. पण सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या, तेव्हा त्यांची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्तीच अफाट होती असं नाही. हजारो डाव बघितल्यामुळे त्यांना ओळखीची रचना झटकन दिसत होती.

अनुभव नेमका हे करतो. नवख्याला जिथे अकरा माणसं दिसतात, तिथे अनुभवी माणसाला एक ओळखीचा डाव दिसतो. त्यामुळे त्याचा वेळ वाचतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १८ टक्के फरकच सरावाच्या प्रमाणावरून समजावता येतो, असं त्यांना आढळलं. बाकीच्यात शरीराची ठेवण, वय, प्रशिक्षण, संधी असं बरंच काही येतं. म्हणजे "घासत राहा, सगळं जमेल" हेही पूर्ण खरं नाही.

मग केज तालुक्याचा संबंध काय?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे. मूळ गाव कळमअंबा, तालुका केज. म्हणजे नांदूरघाटच्याच तालुक्यातली.

खो-खोत क्वार्टरबॅक नसतो, पण तो तीन सेकंदांचा निर्णय असतो. आपल्या नेहमीच्या खो-खोत आठ जणी आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिनं एकदा दिशा धरली की मध्येच मागे वळता येत नाही. बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पळणारी मात्र कुठूनही निसटू शकते. अशा वेळी आपणच धावायचं की खो द्यायचा? दिला तर कोणाला? पळणारी खरंच डावीकडे चाललीय की हूल देतेय? हे सगळं पळता पळता ठरवायचं.

वेग असेल तर तुम्ही तिच्यापर्यंत पोहोचता. पण ती कुठे जाणार आहे, हे आधीच कळायला शेकडो जणी तुमच्या हातून निसटून गेलेल्या असाव्या लागतात. विश्वचषकाच्या वेळी प्रियांकाच्या गाठीशी सुमारे १५ वर्षांचा खेळ आणि २३ राष्ट्रीय स्पर्धा होत्या. हा अनुभव तिला मिळाला, कारण आईवडील पुण्याकडे गेले आणि तिथे लहानपणीच तिच्या हाती खो-खो लागला.

पण सचिन धस तर १९ वर्षांचाच होता ना?

बरोबर. ६ फेब्रुवारी २०२४ ला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ होती. तिथून बीडच्या सचिन धसनं ९६ धावा केल्या आणि कर्णधार उदय सहारनसोबत १७१ धावांची भागीदारी रचून सामना फिरवला.

वय १९, पण त्याला अननुभवी म्हणता येईल का? लहानपणापासून त्याच्या हातात बॅट होती. बीडसारख्या ठिकाणी टर्फची खेळपट्टी टिकवायला पाण्याचे टँकर मागवावे लागत, असं त्याचे वडील संजय धस यांनी तेव्हा माध्यमांना सांगितलं होतं. दुष्काळी जिल्ह्यात विकतचं पाणी घालून एका पोरासाठी अनुभव उभा केला गेला.

याउलट आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. पाय तेच होते, छातीतला दम तोच होता. पण बारावीनंतर सैन्यात जाईपर्यंत त्याला कोणी धावपटू म्हणून ओळखत नव्हतं. स्पर्धा मिळायला लागल्या आणि २०१८ मध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

तर उत्तर काय?

गुणवत्ता तुम्हाला निवड समितीच्या नजरेत आणते. निर्णय घ्यायला अनुभव शिकवतो. तुआला बाकावरून उठवलं ते गुणवत्तेनं, आणि हर्ट्स बाकावरून उठला तेव्हा त्याच्या कामी अनुभव आला. पण अनुभव म्हणजे वय किंवा "किती वर्षं संघात आहे" हे नव्हे. खऱ्या सामन्यात, चूक करायची मुभा असताना, स्वतः किती निर्णय घेतले ते मोजायचं. दोन वर्षं नुसती राखीव बसलेली दहावीची मुलगी अनुभवी नसते.

आणि गुणवत्ता जन्मानं कुठेही मिळू शकते, तसं अनुभवाचं नाही. तो कोणीतरी द्यावा लागतो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूला त्यासाठी साधारण चार हंगाम मिळतात. आपल्याकडे गावातल्या मुलीला किती मिळतात? आठवी, नववी. दहावीला "आता अभ्यास". त्यानंतर बहुतेक वेळा काहीच नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. खांबाजवळ ती जशी वळायची, तसं आमच्यातल्या कोणालाच वळता यायचं नाही. दहावीनंतर तिचं मैदान सुटलं, दोन वर्षांत लग्न झालं. ती प्रियांकाच्या जागी पोहोचली असती का, हे सांगता येत नाही. ते कळायला जितके सामने लागतात, तितके तिच्या वाट्याला आलेच नाहीत.

म्हणून यंदा संघ निवडताना दोघींपैकी एकीला निवडून दुसरीला घरी पाठवू नका. अटीतटीचा डाव असेल तर दहावीतलीच्या हाती द्या. पण गटातले सोपे सामने असतील तिथे आठवीतलीला उतरवा, चुकू द्या, आणि कुठे चुकली ते त्याच संध्याकाळी सांगा. दोन वर्षांनी अनुभवी खेळाडू कुठून आणायची, हा प्रश्नच पडणार नाही. फक्त तेव्हाही तिला खेळू द्यायला हवं.