रुळांखालचं पाणी

१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण हा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि लोकल उरणकरांच्या दारात आली. खिडकीतून तिवरांची झाडी आणि खाडीचे फाटे दिसतात. या पट्ट्यातली बरीचशी जमीन मुळात खाजणाची. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. बांध घालून, त्यांत उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याची दारं, बसवून माणसानं ती समुद्राकडून मिळवली. भातासाठी आणि मिठासाठी ती पुरली. रुळांचा भार ही वेगळीच गोष्ट.

खाडीची काळपट चिकणमाती काही ठिकाणी दहा मीटरहून खोल जाते. तिच्यात पाणी इतकं असतं, की काही नमुन्यांत त्याचं वजन कोरड्या मातीच्या वजनाशी बरोबरी करतं. कण अतिशय बारीक, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला सहज वाट मिळत नाही. अशा मातीवर भराव टाकला की सुरुवातीला त्याचं ओझं कणांवर येत नाही, कोंडलेल्या पाण्यावर येतं. पाणी दाब सोसतं, पण एक थर दुसऱ्यावरून सरकू लागला तर त्याला अडवण्याची ताकद पाण्यात नसते. म्हणून घाईनं उंच केलेला भराव एका रात्रीतही घसरू शकतो. तो खचतो आणि बाजूचा चिखल फुगून वर येतो.

सावकाश गेलं तर मात्र पाणी हळूहळू निघून जातं, कण जवळ येतात, माती बसते आणि घट्ट होते. फडक्यात दही बांधून वर वजन ठेवलं की चक्का होतो, तोच प्रकार. याचं गणित ऑस्ट्रियन अभियंता कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलं. त्यातला एक निष्कर्ष अभियंत्यांच्या फार कामाचा: पाण्याला बाहेर पडायला जेवढं अंतर कापावं लागतं, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मं केलं तर वेळ पाव. नुसतं थांबायचं ठरवलं तर जाड थर बसायला कित्येक वर्षं लागतील आणि तोवर रूळ खाली-वर होत राहतील.

मग पाण्याची वाटच छोटी करायची. सुमारे १० सेंटीमीटर रुंद, काही मिलिमीटर जाड अशा प्लॅस्टिकच्या पट्ट्या यंत्रानं चिखलात उभ्या खुपसतात. पट्टीला आतून पन्हळी, बाहेरून गाळणीचं कापड. दोन पट्ट्यांमध्ये साधारण मीटर-दीड मीटर अंतर. आता पाण्याला दहा मीटर वर चढायचं नसतं, हातभर आडवं सरकलं की झालं. पट्टीतून वर आलेलं पाणी रेतीच्या थरातून बाहेर काढतात. त्यावर भराव थराथरानं चढवतात आणि प्रत्येक थरानंतर जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजतात. दाब उतरला नाही तर पुढचा थर नाही. रुळांच्या भारापेक्षा जास्त माती काही महिने मुद्दाम ठेवून नंतर काढण्याचीही पद्धत आहे. जमिनीनं जे बसायचं ते गाडी येण्याआधीच बसून घ्यावं, एवढाच हेतू.

तिबेटमधल्या रेल्वेलाही जमिनीतलं पाणीच छळतं, पण तिथे औषध नेमकं उलटं. गोलमुड ते ल्हासा हा ११४२ किलोमीटरचा मार्ग १ जुलै २००६ रोजी खुला झाला. त्यातले सुमारे ५५० किलोमीटर कायम गोठलेल्या जमिनीवर आहेत. तिथे मातीला घट्ट ठेवतो तो बर्फच. तो वितळला की चिखल. पाणी काढायचं नाही, गोठलेलंच ठेवायचं. त्यासाठी रुळांच्या कडेला अमोनिया भरलेल्या बंद नळ्या रोवल्या आहेत. हिवाळ्यात खालच्या उष्णतेनं अमोनियाची वाफ होते, वर थंडीत ती उष्णता सोडते आणि द्रव होऊन पुन्हा खाली ओघळते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम, म्हणून हे चक्र आपोआप थांबतं आणि उष्णता खाली उतरत नाही. वीज लागत नाही, पंप नाही. इतकी देखणी युक्ती अभियांत्रिकीत क्वचितच सापडते. जिथे जमिनीचा अजिबातच भरवसा नव्हता, तिथे मात्र चिनी अभियंत्यांनी भरावाचा नाद सोडला आणि पूल बांधले. चिंगशुइहे इथला असा पूल ११ किलोमीटरहून लांब आहे.

इकडे उरणच्याच रायगड जिल्ह्यात खाडी सोडून डोंगराकडे गेलं तरी पाणी पाठ सोडत नाही. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते, आणि तिथे भिजलेला उतार हाच धोका. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीच्या दगडांना धडकून मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून घसरली. त्याआधीच्या पावसाळ्यात वैभववाडीजवळही दरडीमुळे मोठा अपघात झाला होता. आज उतारांवर जाळ्या आहेत, पावसाळ्यासाठी मंद वेगाचं वेगळं वेळापत्रक असतं आणि रात्रंदिवस गस्त असते.

पुन्हा खाडीकडे. पुलापेक्षा भराव स्वस्त पडतो, हे खरं. पण खाजणातला भराव पाणी अडवणारी भिंतही असतो. मोऱ्या कमी पडल्या तर पावसाचं पाणी एका बाजूला तुंबतं आणि भरतीचं पाणी तिवरांपर्यंत पोचत नाही. उरणच्या पुढे किनाऱ्यालगत रूळ न्यायचा विचार झाला, तर जिथे भरतीची वाट आहे तिथे पूलच हवा. आणि ही वाट नकाशावर शोधण्याआधी उघाडी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांना विचारावी.