शेतातील दगड

पांढुर्णा-सौंसरकडील बरड शेतांतून कितीही दगड वेचले, तरी पुढल्या वर्षी ते पुन्हा दिसतात. दगड काही उगवत नाहीत. पावसाने वरची माती वाहून जाते आणि ते उघडे पडतात. म्हणून वेचलेल्या दगडांचा धुऱ्यावर नुसता ढीग घालू नये. थोडा पाया खणून, उताराला आडवा, समपातळीत त्यांचा बांध रचावा. फटींतून पाणी झिरपून जाते, गाळ मागे राहतो. बारीक खडे मात्र शेतातच असू द्यावेत. ते पावसाचा मारा झेलतात, ओल टिकवितात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार होते. तेथे फेकलेला गोटा डोके फोडतो. तोच बांधात बसविला, तर नातवंडांची माती राखतो.