रोगनिदानाचे आख्यात : संगणकीय रुग्णनोंदीतील पूर्वनिदान व पालटते निदान

रोगाचे नाव हे व्याकरणदृष्ट्या नाम होय. रोगनिदान हे मात्र विधान होय. ‘क्षय’ हा शब्द कोशात एकटा उभा राहू शकतो. परंतु रुग्णाविषयी तो उच्चारला जाताच ‘आहे’, ‘असावा’, ‘होता’ अथवा ‘नव्हता’ यांपैकी एका क्रियापदाची अपेक्षा निर्माण होते. संगणकीय रुग्णनोंदीत पुष्कळदा नाम तेवढे टिकते आणि आख्यात गळून पडते. पूर्वनिदानांच्या व पालटत्या निदानांच्या व्यवस्थेचा प्रश्न मुख्यतः या गळतीतून उद्भवतो.

उदाहरणादाखल एका कल्पित रुग्णाचा विचार करावा. वेदगंगेकाठचे मुरगूड हे कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेनजीक वसलेले आहे. तेथील एखादी स्त्री दीर्घकाळच्या खोकल्यासाठी गावातील दवाखान्यात जाते आणि डॉक्टर ‘क्षय असावा’ असे अनुमान करतात. पुढे कोल्हापुरात तपासणी होते. पाच वर्षांनी तीच स्त्री पुन्हा खोकला झाल्याने सीमेपलीकडे निपाणीस जाते, तेव्हा तेथील डॉक्टरांच्या पडद्यावर ‘क्षय’ एवढाच शब्द दिसतो. त्याचे तीन अर्थ संभवतात. रोग आज आहे असे मानल्यास नको ते औषध व नको तो कलंक तिच्या वाट्यास येण्याची भीती आहे. रोग पूर्वी होऊन उपचाराने बरा झाला असेल, तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची शंका अधिक गंभीरपणे घ्यावी लागते. कारण पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांत तिचा संभव अधिक असतो. तपासणीत क्षय नव्हताच असे ठरले असेल, तर विचाराची दिशाच वेगळी होते. शब्द एकच असला तरी त्याच्या तीन वाचनांतून तीन निरनिराळे उपचार निघतात.

कागदी केसपेपरात ही उणीव काही अंशी आपोआप भरून निघत असे. रोगनामापूर्वीचे प्रश्नचिन्ह, त्यावर ओढलेली रेघ, बदललेले हस्ताक्षर, पानांचा क्रम ही सर्व काळाची व निश्चिततेची चिन्हेच होती. संगणकीय यादीत ती लोपतात आणि एका भेटीतील नोंद पुढील भेटीत जशीच्या तशी उतरत राहते. अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी इ. स. १९६८ मध्ये समस्याधिष्ठित रुग्णनोंदीची पद्धती मांडली, तीत या प्रश्नाचे एक उत्तर आढळते. समस्या त्या वेळी जेवढी कळली असेल तेवढ्याच शब्दांत लिहावी. ‘पायांना सूज’ एवढेच ठाऊक असता ‘हृदयविकार’ लिहू नये. उलगडा होईल तसे नाव पालटावे आणि मिटलेली समस्या मिटल्याच्या तारखेसह यादीत राहू द्यावी, असे तिचे सूत्र आहे.

भारतात इ. स. २०२१ मध्ये देशभर आरंभ झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ हे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारलेले आहे. या मानकात रोगनामाला दोन स्वतंत्र विशेषणे जोडता येतात. पहिले रोगाच्या अवस्थेचे : चालू, पुन्हा झालेला, उलटलेला, निष्क्रिय, शमलेला, बरा झालेला. दुसरे निदानाच्या निश्चिततेचे : अपुष्ट, तात्पुरते, पर्यायी, निश्चित, खंडित, चुकून नोंदलेले. मराठी व्याकरणात काळ व अर्थ हे जसे आख्यातविचाराचे दोन वेगळे विषय, तसाच हा भेद आहे. ‘होता’ हे रूप काळ सांगते. ‘असावा’ या विध्यर्थी रूपाने तर्क सूचित होतो. या मानकात अन्वयाचे नियमही आहेत. जे निदान चुकून नोंदले गेले, त्याला अवस्था जोडता येत नाही. जे मुळात नव्हते ते चालूही नसते आणि बरेही होत नाही.

तारखांच्या बाबतीतही असाच विवेक आवश्यक आहे. हान्स रायशेनबाख यांनी इ. स. १९४७ मध्ये क्रियापदाच्या काळाची उपपत्ती सांगताना घटनेचा, उक्तीचा व संदर्भाचा असे तीन क्षण वेगळे केले. रुग्णनोंदीत रोगाचा आरंभ हा घटनाकाळ होय, नोंदीची तारीख हा उक्तिकाळ होय आणि पुढील डॉक्टर ज्या भेटीत ती वाचतो तो संदर्भकाळ मानता येईल. पहिले दोन एकच धरले, तर दहा वर्षांपूर्वीचा रोग आज जडल्यासारखा भासतो.

जुने निदान पुसून टाकावे, हा उपाय सोपा दिसतो. पण तो घातक आहे. गरोदरपणी उद्भवलेला मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. तथापि त्या स्त्रीस पुढे मधुमेह होण्याचा संभव वाढलेला राहतो. येथे ‘होता’ हे भूतकाळाचे रूप वर्तमानातील सावधगिरीचे कारण ठरते. खंडित निदानही पुसणे इष्ट नव्हे. कारण त्याच्या आधारे दिलेल्या औषधांचा उलगडा त्यावाचून होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या इ. स. २०१६ च्या सुधारित मानकांनुसार व्यक्तीच्या हयातीत तिची नोंद नष्ट करावयाची नसते. सारांश, दुरुस्ती ही खाडाखोड नसून पहिल्या विधानावरील दुसरे, दिनांकित विधान असावे.

शेवटचा प्रश्न वक्त्याचा. ‘तिला क्षय होता’ आणि ‘तिला म्हणे क्षय होता’ ही विधाने मराठीत एकरूप नाहीत. ‘म्हणे’ या एका शब्दाने सांगणाऱ्याची जबाबदारी पालटते. उपरोक्त मानकात निदान सांगणारा व ते नोंदणारा यांसाठी निराळ्या जागा आहेत. परंतु जागा असणे आणि ती भरली जाणे यांत अंतर आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत रोगाचे नाव निवडणे क्षणाचे काम असते. काळ, निश्चितता व वक्ता नोंदण्यास आणखी चार क्षण लागतात. ते वाचविले गेले, तर निपाणीस बसलेल्या त्या स्त्रीच्या वाट्यास क्रियापदावाचूनचे एक नाम तेवढे उरते, आणि ते क्रियापद कोणते असावे हे अनोळखी डॉक्टरास तर्काने ठरवावे लागते.