सुंताविधी आणि बाळंतीण : यहुदी परंपरेतील मातेच्या उपस्थितीचा प्रश्न

यहुदी कुळात पुत्र जन्मला म्हणजे आठव्या दिवशी त्याची सुंता करावी, अशी शास्त्राज्ञा आहे. या विधीस हिब्रू भाषेत 'ब्रित मिला', म्हणजे सुंतेचा करार, असे म्हणतात. विधीत पिता असतो, सुंता करणारा 'मोहेल' असतो, बालकास मांडीवर घेणारा 'सनदेक' असतो आणि एलिया संदेष्ट्यासाठी राखून ठेवलेले रिकामे आसनही असते. ज्या स्त्रीने आठ दिवसांपूर्वी त्या बालकास जन्म दिला, ती मात्र विधीच्या वर्णनांत बहुधा आढळत नाही. ती कोठे असते, आणि का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर पुष्कळदा दिले जाते : प्रसूतीमुळे स्त्री अशुद्ध ठरते, म्हणून ती विधीपासून दूर ठेवली जाते. सोयर पाळणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्या वाचकास हे उत्तर लगेच पटण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ते तपासून घेणे अवश्य आहे. मूळ ग्रंथ पाहिले असता असे दिसून येते की, शुद्धीचा नियम, प्रसूतेच्या जिवाच्या धोक्याचा नियम आणि सभागृहातील मर्यादेचा नियम हे तीन निरनिराळे विचार येथे एकत्र मिसळले गेले आहेत. त्यांचे पृथक्करण केल्यावाचून मातेच्या अनुपस्थितीचा अर्थ लागत नाही.

१. शुद्धीचा विचार

लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात प्रसूतेविषयीचे विधान आहे. पुत्र झाल्यास माता ७ दिवस अशुद्ध असते. त्यानंतर आणखी ३३ दिवस तिने पवित्र वस्तूस स्पर्श करू नये व पवित्रस्थानी जाऊ नये. कन्या झाल्यास हे आकडे १४ व ६६ असे दुप्पट होतात. अवधी संपल्यावर तिने मंदिरात अर्पण करावयाचे असते. लूकच्या शुभवर्तमानात मरिया जेरुसलेमच्या मंदिरात जाते, ती याच नियमानुसार.

सुंतेची आज्ञा याच अध्यायात, सात दिवसांच्या उल्लेखानंतर लगेच, आली आहे. हा क्रम यदृच्छेने आला नसावा, असे तालमुदकारांस वाटले. 'निद्दा' या प्रकरणात शिमोन बार योहाय यांच्या शिष्यांनी त्यांना विचारले आहे की, सुंता आठव्या दिवशीच का? त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : मेजवानीस जमलेले सर्व लोक आनंदात आणि त्या बालकाचे आईबाप मात्र खिन्न, असे होऊ नये म्हणून. सात दिवस पतिपत्नींना परस्परांपासून दूर राहावे लागे. आठव्या दिवशी ते बंधन सुटलेले असे. म्हणजे या मतानुसार विधीचा दिवसच मुळी मातेच्या व पित्याच्या स्थितीकडे पाहून ठरला आहे. ज्या नियमाचा आधार घेऊन मातेस दूर सारले जाते असे आपण समजतो, त्याच नियमातून तिला आनंदात सामील करून घेणारा अर्थ प्राचीन पंडितांनी काढला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढे परिस्थिती बदलली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा सर्व मासिक स्रावाप्रमाणेच मानावा आणि तो थांबल्यावर आणखी सात स्वच्छ दिवस मोजून स्नान करावे, असा आचार रूढ झाला. त्यामुळे आठव्या दिवशी बंधन सुटण्याचा प्रश्न व्यवहारात उरला नाही. शिमोन बार योहाय यांचे स्पष्टीकरण ग्रंथात राहिले, पण त्याखालची भूमी सरकली.

तथापि, एवढ्याने मातेस सभागृहाचे दार बंद झाले, असे म्हणता येत नाही. इ. स. ७० मध्ये मंदिर नष्ट झाले, आणि सभागृह म्हणजे मंदिर नव्हे. रजस्वलेने सभागृहात जाऊ नये असा शास्त्राचा निर्बंध नाही. तसा आचार मात्र मध्ययुगीन जर्मनीत व तिच्या आसपास वाढीस लागला. क्राकाव येथील रब्बी मोशे इस्सर्लेस (मृत्यू १५७२) यांनी 'शुल्हान आरुख' या संहितेवरील आपल्या टिपणांत हा आचार नोंदविला आहे. परंतु वर्षारंभीच्या महत्त्वाच्या दिवसांत अशा स्त्रियांनी खुशाल सभागृहात यावे, कारण सर्व मंडळी आत जमली असता आपण तेवढ्या बाहेर उभ्या, याचे त्यांना फार दुःख होईल, असेही ते सांगतात. शिमोन बार योहाय यांच्या उत्तरातील भावना येथे निराळ्या संदर्भात पुन्हा प्रकट झालेली दिसते.

२. धोक्याचा विचार

दुसरा विचार वैद्यकीय म्हणता येईल असा आहे. 'शब्बाथ' या प्रकरणात प्रसूतेच्या अवस्थेचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिले ३ दिवस ती प्राणसंकटात आहे असे धरावे, आणि तिने मागणी केली असो वा नसो, तिच्यासाठी शब्बाथचे नियम मोडावेत. त्यानंतर ७ दिवसांपर्यंत तिने आपणास गरज आहे असे म्हटले तर नियम मोडावेत. गरज नाही म्हटले तर मोडू नयेत. पुढे ३० दिवसांपर्यंत ती आजारी समजावी. तिची कामे शब्बाथच्या दिवशी यहुदीतर माणसाकडून करवून घ्यावीत. तिच्यासाठी विस्तव पेटविण्याची चर्चाही याच ठिकाणी आहे, आणि तिला उन्हाळ्यातही ऊब लागते असे तेथे गृहीत धरले आहे. शेक-शेगडीवाचून बाळंतपण न ओळखणाऱ्या आपल्याकडील वाचकास याचे नवल वाटणार नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, मधल्या टप्प्यात निर्णायक प्रमाण म्हणजे त्या स्त्रीचा स्वतःचा शब्द होय. वैद्य, पती किंवा पंडित यांच्या मताची तेथे वाट पाहिलेली नाही. प्रायश्चित्तदिनाच्या कडक उपवासासही हीच व्यवस्था लावली आहे : पहिले तीन दिवस तिने उपवास करावयाचा नाही, आणि पुढील चार दिवस तिच्या म्हणण्याप्रमाणे. दुसरी गोष्ट अशी की, सुंतेचा आठवा दिवस साधारणतः या दुसऱ्या टप्प्याच्या नुकताच पलीकडे येतो. प्राणसंकट टळले आहे, दौर्बल्य गेलेले नाही, अशी ती अवस्था होय. शास्त्र तिला 'ये' असेही म्हणत नाही आणि 'येऊ नकोस' असेही नाही. मुलाची सुंता करविण्याचे कर्तव्य 'किद्दुशीन' प्रकरणानुसार पित्यावर आहे, मातेवर नाही. ज्याच्यावर कर्तव्य नाही त्याच्या उपस्थितीविषयी कायदा बोलत नाही. आणि कायदा मौन धारण करतो तेथे रूढी बोलू लागते.

३. स्थळाचा व मर्यादेचा विचार

विधी घरी होत असे तोवर मातेच्या उपस्थितीचा प्रश्न तीव्र नव्हता. लूकच्या पहिल्या अध्यायात योहानाच्या सुंतेचा प्रसंग आहे. शेजारी व आप्त बालकास पित्याचे नाव देऊ पाहतात, तेव्हा माता अलीशिबा त्यांना अडवते आणि नाव योहान ठेवावे असे सांगते. हा वृत्तांत धर्मकथा म्हणूनच वाचावयाचा, हे खरे. परंतु आठव्या दिवशी माता उपस्थित असणे व नामकरणात तिने बोलणे लेखकास अस्वाभाविक वाटले नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मध्ययुगात विधी घरातून सभागृहात गेला, आणि त्याबरोबर त्याचा प्रेक्षकवर्गही बदलला. जर्मनीतील यहुदी समाजात बालकास घरातून सभागृहात नेण्याचे काम एक मानाची स्त्री करीत असे. तिला 'बालत ब्रित' म्हणत. ती मातेच्या खोलीतून बालक घेई, सजूनधजून पुरुषांमध्ये येई, आणि कित्येक ठिकाणी तिच्याच मांडीवर सुंता होत असे. रोथेनबुर्गचे रब्बी मेइर (मृत्यू १२९३) यांनी या रीतीस तीव्र विरोध केला. पती किंवा पिता हाच मोहेल असला तरी नटलेल्या स्त्रीने पुरुषांत, देवासमक्ष, असे बसणे उचित नव्हे, असे त्यांचे म्हणणे त्यांच्या शिष्याने नोंदविले आहे. ही रीत बहुतेक ठिकाणी रूढ असल्याचेही त्याच नोंदीत आले आहे. पुढे महरिल या नावाने प्रसिद्ध असलेले रब्बी याकोब मोएलिन (मृत्यू १४२७) यांनी हाच पक्ष उचलून धरला. आणि इस्सर्लेस यांच्या टिपणांत स्त्रीने बालक सभागृहाच्या दारापर्यंत आणावे व तेथे पुरुषाने ते घ्यावे, असा नियम स्थिरावला. आजही बालकास हातोहात पुढे देणाऱ्या दांपत्यास 'क्वाटर' व 'क्वाटरिन' म्हणतात. हे शब्द जर्मन भाषेतील धर्मपित्याच्या वाचक शब्दावरून आले आहेत.

या वादाचा उल्लेख करताना पुष्कळ लेखक एक चूक करतात : रब्बी मेइर यांनी मातेस बाहेर काढले, असे ते लिहितात. वस्तुतः ज्या स्त्रीविषयी वाद होता ती माता नव्हती. माता त्या वेळी अंथरुणावरच होती, आणि ती तेथेच असणार हे दोन्ही पक्षांना मान्य होते. एलिशेवा बाउमगार्टन यांनी मध्ययुगीन यहुदी कुटुंबजीवनावरील आपल्या २००४ च्या ग्रंथात या प्रसंगाची शेजारच्या ख्रिस्ती बाप्तिस्म्याशी तुलना केली आहे. तेथेही माता बाळंतिणीच्या खोलीत असे आणि बालकास धर्ममाता नेत असे. मातेची अनुपस्थिती हा त्या काळच्या सर्वच समाजाचा बाळंतपणाचा आचार होता. बालत ब्रितला दूर सारणे ही धर्मगुरूंनी हेतुपुरस्सर घडवून आणलेली गोष्ट होती. परिणाम मात्र असा झाला की, मातेच्या वतीने विधीत वावरणारी स्त्रीही गेली आणि मातेचा विधीशी असलेला शेवटचा दुवा उंबरठ्यावर येऊन थांबला.

४. बाळंतिणीची खोली

तेव्हा माता जेथे होती त्या खोलीकडे वळले पाहिजे. यिद्दिश भाषेत बाळंतपणास 'किंपेट' म्हणतात. हा शब्द जर्मन भाषेतील 'बाळंतिणीची खाट' या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश होय. खोलीच्या भिंतीवर सनवी, सनसनवी व सेमंगलाफ या तीन देवदूतांची नावे लिहिलेले ताईत लावीत. नवजात बालकांना पीडा देणाऱ्या लिलिथपासून ते रक्षण करतात अशी श्रद्धा होती. सुंतेच्या आदल्या रात्री आप्तेष्ट जागरण करीत. सटवाईची रात्र ठाऊक असलेल्यास हे परिचित वाटेल. मात्र साम्य म्हणजे संबंध नव्हे, हेही लक्षात ठेवावे. अर्भकमृत्यूचे भय जेथे जेथे मोठे, तेथे तेथे पहिल्या आठवड्यातील रात्री पहाऱ्याच्या ठरतात.

विसावा हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. हामेलन्‌च्या ग्लिकल (१६४६-१७२४) यांच्या यिद्दिश आठवणींत त्यांच्या पहिल्या बाळंतपणाचे वर्णन आहे. त्यांची आई त्याच सुमारास प्रसूत झाली. दोघींना मुली झाल्या आणि दोघी एकाच लहानशा खोलीत होत्या. हे नवल पाहण्यास येणाऱ्या लोकांमुळे त्यांना क्षणाची उसंत मिळेना. विश्रांतीचा अवधी हा एकांताचा अवधी नव्हता. तो स्त्रियांच्या येण्याजाण्याने भरलेला होता. सभागृहात जे पुरुषांचे तेच घरात स्त्रियांचे, अशी ही समांतर सभा होती. काही आठवड्यांनी माता प्रथमच सभागृहात जाई. त्या शब्बाथला पतीस धर्मग्रंथाच्या वाचनासाठी पाचारण करण्याचा मान असे. समाजात परत येण्याचा तिचा स्वतःचा विधी हाच होय.

एथिओपियातील बेता इस्राएल समाजाचे उदाहरण याहून निराळे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस इस्राएलमध्ये स्थलांतर होईपर्यंत त्यांच्या स्त्रिया प्रसूतीनंतर गावाबाहेरच्या झोपडीत, पुत्र झाल्यास ४० व कन्या झाल्यास ८० दिवस राहत असत. येथे मात्र लेवीय ग्रंथातील शुद्धीचा नियमच अक्षरशः निर्णायक होता. एकाच ग्रंथवचनातून दोन समाजांनी दोन भिन्न आचार उभारले. यावरून केवळ वचन उद्धृत करून आचाराचे स्पष्टीकरण देणे किती अपुरे आहे, हे ध्यानी येईल.

५. समारोप

विसाव्या शतकात प्रसूती रुग्णालयात होऊ लागली. अमेरिकेत शतकाच्या मध्यास मातेस आठवडाभर किंवा अधिक काळ रुग्णालयात ठेवीत, त्यामुळे कित्येक सुंता तेथेच होत. पुढे हा मुक्काम कमी झाला आणि विधी पुन्हा घरी किंवा सभागृहात आला. आज अनेक माता विधीस हजर असतात, काही शेजारच्या खोलीत थांबणे पसंत करतात, आणि उदारमतवादी सभांत मातेस आशीर्वचनही म्हणू देतात. यांतील कोणत्याही बदलासाठी मूळ शास्त्र बदलावे लागले नाही, कारण मूळ शास्त्राने बंदी घातलीच नव्हती.

महाराष्ट्राच्या अभ्यासकास या विषयाचे एक क्षेत्र अगदी निकट आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने आठव्या दिवसाची सुंता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि शुभप्रसंगी एलिया संदेष्ट्याच्या नावे मलिदा करण्याची प्रथाही जतन केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. संशोधकाने प्रारंभ तेथून करावा. परंतु ग्रंथ विधीचे वर्णन करतो ते बहुधा पुरुषांच्या जागेवरून. समाजातील वयोवृद्ध स्त्रियांना मराठीतच विचारता येईल असा प्रश्न उरतो तो असा : मुलाची सुंता झाली तेव्हा तुम्ही कोठे होता, जवळ कोण होते, आणि बाळ परत कुशीत आले तेव्हा तुम्ही काय केले? तालमुदाने आठव्या दिवसाचे कारण सांगताना मातेच्या मनाचा विचार केला होता. तिचे मन तिच्याच शब्दांत नोंदविण्याचे काम मात्र अद्याप पुष्कळसे व्हावयाचे आहे, आणि ज्यांना ते आठवते अशा स्त्रियांची संख्या दरवर्षी घटत आहे.