रक्तातला विरळ जंतू

ताप चार दिवसांत उतरला नाही, की घरातले वडीलधारे माणूस म्हणते, 'विडाल करून घ्या.' फेर्नां विडाल या फ्रेंच वैद्याने १८९६ साली दाखविलेली ही परीक्षा आपल्या घरांतून इतकी रुळली आहे. परंतु ती जंतू पाहतच नाही. जंतूशी लढताना शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये रक्तात आहेत काय, एवढेच ती सांगते. मागे केव्हा टायफॉइड होऊन गेला असेल, तरी ती सापडू शकतात; अन्य काही तापांतही ही परीक्षा होकार देते. उमटलेली पावले दिसावीत, पण ती आजची की गेल्या महिन्यातली हे कळू नये, तसा हा प्रकार होय.

प्रत्यक्ष जंतू हवा, तर तो रक्तातून वाढवूनच काढावा लागतो. एबर्थ यांना तो १८८० साली मृत रोग्यांच्या प्लीहेत दिसला; गाफ्की यांनी १८८४ साली प्रयोगशाळेत वाढविला. त्याचे आजचे नाव साल्मोनेला टायफी. दूषित पाण्यातून वा अन्नातून तो पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि पुढे रक्तात उतरतो. तेथे मात्र त्याची वस्ती फार विरळ. रोगी तापाने फणफणत असतो, आणि मिलिलिटरभर रक्तात पुष्कळदा एखादाच जंतू, कधी तोही नाही! म्हणूनच मोठ्या माणसाचे निदान १० मिलिलिटर रक्त पोषक रसाच्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. 'एवढे रक्त कशाला?' या नातेवाइकांच्या कुरकुरीचे उत्तर हे आहे.

हा जंतू सापडण्याचा संभव पहिल्या आठवड्यात अधिक. आणि नेमके तेव्हाच आपण दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून घेतलेल्या असतात. त्यांनी रोग हटतोच असे नाही, पण बाटलीत काही उगवेनासे होते. एरवीही दहांपैकी सुमारे चार रोग्यांत जंतू हाती लागत नाही. तेव्हा नकार आला म्हणजे टायफॉइड नव्हे, असे समजू नये.

मग इतका खटाटोप कशासाठी? कोणते औषध लागू पडेल, हे वाढविलेल्या जंतूवरच पाहता येते. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले तेव्हा हा प्रश्न नव्हता. २०१६ साली सिंधमधील हैदराबादेत मात्र जुनी तिन्ही औषधे, फ्लुओरोक्विनोलोन आणि सेफ्ट्रिॲक्सोन यांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. तोंडाने घेण्याजोगे ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले.

रोगी अत्यवस्थ असता औषध रोखून धरावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रक्त काढण्यास पाच मिनिटे पुरतात. लगेच डॉक्टरांनी औषध सुरू करावे, आणि अहवाल दोन-चार दिवसांनी आला की हवे तर ते बदलावे.