नक्षी टायरची, नजर कुणाची?

वस्तूंचे रूप : लेखांक ६

उभ्या गाडीशेजारी उकिडवं बसा आणि टायरच्या रबरी ठोकळ्यांवरून अंगठा फिरवा. दोन खाचांमधला एक ठोकळा आखूड लागेल, पुढचा किंचित लांब, त्याच्या पुढचा मधल्या मापाचा. कारागिराचा हात हलला असं वाटावं. पण ते मुद्दाम केलेलं असतं. सगळे ठोकळे एका मापाचे असते, तर वेगात धावताना ते ठरावीक अंतराने रस्त्यावर आपटले असते आणि गाडीत एकाच सुराची भुणभुण घुमली असती. मापं मिसळली की तो सूर फुटतो आणि नुसती घरघर उरते.

रुंद खाचा पाणी बाहेर फेकतात. ट्रॅक्टरचे तिरके उंच दात चिखलात रुततात. म्हणजे टायरवर बिनकामाची रेघ शोधूनच काढावी लागेल. आणि तरीही जगभर या नक्षीची नोंदणी ‘शोभा’ म्हणून होते! अमेरिकेत अशा डिझाइन पेटंटचा सगळा दावा एका वाक्यात मावतो: चित्रात दाखवल्याप्रमाणे टायरची शोभेची रचना. पुढे फक्त चित्रं. त्यातही अख्ख्या रेघांनी काढलेलं तेवढं आपलं. टायरची बाजू बहुधा तुटक रेघांनी दाखवतात, म्हणजे तिच्यावर हक्क नाही. इतक्या कमी शब्दांत मालकी सांगणारे कागद मी फार पाहिलेले नाहीत. आपल्याकडचं सातबाराचं पान यापुढे कादंबरी वाटेल.

भारताचा २००० सालचा डिझाइन कायदा तर स्पष्टच बोलतो. तयार वस्तूचं रूप फक्त डोळ्यांनी जोखायचं. जे मुळात निव्वळ यांत्रिक आहे त्याला नोंदणी नाही. मग टायर कसा आत येतो? उत्तर सोपं आहे. पाणी काढायला खाच हवी हे खरं, पण ती हीच खाच, याच वळणाची हवी असं नाही. तेच काम शंभर नक्ष्या करू शकतात, आणि त्या शंभरातली एक निवडणं ही डोळ्याची निवड. अपोलो टायर्सने ट्रकच्या टायरवरील नक्षीवरून चीनहून टायर आणणाऱ्या आयातदाराविरुद्ध दावा लावला, तेव्हा २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही साधारण हाच धागा धरला: नक्षी काम करते म्हणून ती वेगळी ओळखू येण्यासारखी नसते असं नाही. नक्षी पाहून माल कुणाचा हे कळत असेल, तर तीच खूण होऊ शकते.

तसं हे टायरवाल्यांना फार आधी उमगलं होतं. १९०८ च्या सुमाराला फायरस्टोनने ‘नॉन स्किड’ टायर काढला. त्यावर कंपनीचं नाव आणि ‘नॉन स्किड’ हीच अक्षरं तिरकी उठवलेली होती. पकड देणारे ठोकळे म्हणजे अक्षरंच! ओल्या मातीवरून गाडी गेली की मागे जाहिरात छापलेली. नक्षी, काम आणि खूण इतक्या उघडपणे एकत्र आलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

भारतात नोंदलेल्या डिझाइनवरचा हक्क १० वर्षांचा, मुदतवाढ घेतली तर आणखी ५. पण त्या काळात कुणी सारखा टायर आणला, तर ‘सारखा’ हे ठरवणार कोण? मागच्या लेखांकात आपण १८७१ चा गोरहॅम कंपनीचा काट्या-चमच्यांचा खटला पाहिला. तिथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जाणकाराला बाजूला सारलं आणि साध्या गिऱ्हाइकाची नजर प्रमाण मानली. टायरचं साधं गिऱ्हाईक कोण? गुडइयरने हर्क्युलीस कंपनीवर ट्रकच्या टायरवरून दावा केला तेव्हा हा प्रश्न खरोखर उभा राहिला. १९९८ च्या अपिलाच्या निकालात नजर ठरली ती ट्रकवाल्यांची आणि ट्रकचे ताफे चालवणाऱ्यांची. तुमच्याआमच्यासारखा माणूस दोन टायर शेजारी ठेवले तर दोन्ही काळे आहेत एवढंच सांगेल; टायर गोटा झाला आणि मेकॅनिकने बोट दाखवलं तरच त्याला नक्षी आठवते. ट्रकवाल्याचं पोट त्या खाचांवर चालतं, म्हणून त्याला फरक दिसतो. त्या नजरेपुढे हर्क्युलीसचा टायर वेगळा ठरला आणि गुडइयर हरली.